न दाबलेला ब्रेक

१

मोटरसायकल उचलायला चौघे लागले. वजन फार होतं असं नाही. पुढचं चाक फिरायलाच तयार नव्हतं. मुलुंडच्या मैदानाकडेच्या सिमेंटच्या पट्ट्यावर टायरची काळी रेघ उमटली होती, पट्टी धरून मारावी तशी सरळ. ती जिथे संपत होती त्याच्या पलीकडे आकाश बसला होता, डावा हात उजव्या हाताने उचलून धरून.

"मी ब्रेक दाबला नाही," तो म्हणत होता. "आईशप्पथ, बोटं ग्रिपवर होती. मी ब्रेक दाबला नाही."

त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. पुढचं चाक काही आपणहून जाम होत नसतं.

दुपारी दर्शना तायडे तिथे पोहोचली तोवर आकाशला हॉस्पिटलात नेलं होतं. कॉलरबोन मोडलं होतं. दर्शना रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि गेली काही वर्षं अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपन्यांना मत देण्याचं काम करणारी. बोलायची कमी. प्रश्न विचारून झाला की उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे शांतपणे बघत राहायची, आणि त्या शांततेला कंटाळून माणसं जरुरीपेक्षा जास्त बोलून जायची.

तिला बोलावलं होतं तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने, डॉक्टर शर्मिष्ठाने. शर्मिष्ठाच्या संस्थेचं नाव 'धाव'. रस्ता तुंबला की रुग्णवाहिका अडकते, मोटरसायकल अडकत नाही. म्हणून प्रथमोपचाराची पेटी घेऊन तिचे रायडर घाटकोपर ते मुलुंड पळत असतात. सगळ्या मोटरसायकली जुन्या, चाक जाम होऊ न देणारं एबीएस नसलेल्या, पुढे दोन डिस्क असलेल्या. त्यांच्या ब्रेकच्या लाइनी, म्हणजे हँडलपासून चाकापर्यंत दाब नेणाऱ्या नळ्या, आता बदलायच्या होत्या. कुठल्या घालायच्या, हे शर्मिष्ठाने तुलना करून ठरवायचं म्हटलं. मोटरसायकल एकच, रायडर एकच, आकाश, मैदान एकच; बदलायच्या फक्त लाइनी. सोमवारी रबराच्या. बुधवारी स्टीलची जाळी विणलेल्या, पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र जाणाऱ्या. आणि आज शनिवारी स्टीलच्याच, पण एकच लाइन उजव्या बाजूला उतरून तिथून मडगार्डवरून डावीकडे उडी मारणारी. हिला क्रॉसओव्हर म्हणतात.

"सोमवारी संध्याकाळी सगळ्या रायडर्सची बैठक आहे," शर्मिष्ठा म्हणाली. "तोपर्यंत मला उत्तर दे. आकाशने घाबरून ब्रेक आवळला असेल, तर मी त्याला पुन्हा मोटरसायकल देऊ शकत नाही. वाईट वाटतं गं, पण नाही देऊ शकत."

"नाही दिलीस तर तो काय करेल?"

"ऑफिसात बसून फोन उचलेल. आणि महिन्याभरात नोकरी सोडेल. ओळखते मी त्याला. ती मोटरसायकल म्हणजे त्याचा जीव आहे."

दर्शना मोटरसायकलीजवळ उकिडवी बसली. दोन्ही डिस्क निळसर पडल्या होत्या, तव्यावर तापलेल्या सुरीसारख्या. शेजारी 'धाव'चा मेकॅनिक माणिक उभा होता.

"चाक मोकळं कसं झालं?" तिने विचारलं.

"सुटतच नव्हतं मॅडम. मग मी खाली डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरचा निपल, ऑइल सोडायचा स्क्रू, सैल केला. पिचकारी उडाली ब्रेक ऑइलची, अशी, माझ्या शर्टावर. आणि चाक सुटलं."

"तेव्हा ब्रेकचा लिव्हर कुणी दाबून धरला होता?"

"कोण धरणार? आकाश तर तिकडे बसलेला."

दर्शनाने मान वर केली. कुणी दाबलेलं नसताना आत दाब होता. मग तिची नजर टाकीवर गेली. हँडलवर ब्रेक ऑइलची छोटी डबी असते; तिच्या बरोबर खाली, पांढऱ्या रंगावर, एक बारीक ओघळ सुकून धुळीने काळा पडला होता.

"ते काय, ब्रेक ऑइल सांडलंय," माणिक म्हणाला. "पुसतो."

"थांबा."

तिने बाटलीतलं पाणी त्या ओघळावर सोडलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून गेले. मग तिने रुमालाने ओघळ पुसला. खालचा पांढरा रंग नव्यासारखा चमकला.

"माणिकभाऊ, ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर काय होतं?"

"रंग खातं. फुगवून सोलूनच काढतं. म्हणून तर आम्ही..." माणिक बोलता बोलता थांबला. त्याने टाकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग हे काय आहे?"

"हे खरं तेल आहे," दर्शना म्हणाली. "कुणीतरी तुमच्या ब्रेकमध्ये तेल ओतलंय."

२

डबीचं झाकण उघडल्यावर शंका उरली नाही. झाकणाखाली रबराची एक पातळ वाटी असते. दर्शनाने ती बाहेर काढली आणि पुन्हा बसवायला गेली तर बसेना. कडेने लाटा आल्या होत्या, चुलीजवळ ठेवलेल्या पापडासारख्या.

"आज सकाळीच मला ती बसत नव्हती," माणिक खालच्या आवाजात म्हणाला. "अंगठ्याने दाबून बसवली. वाटलं, जुनी झालीय. माझंच चुकलं, मॅडम."

ब्रेक ऑइल नावाचं जे मिळतं ते खरं तर तेल नसतं. ब्रेकच्या आतली रबरं त्यात वर्षानुवर्षं सुखाने राहतात. तीच रबरं साध्या मशीनच्या तेलात टाकली की फुगतात. वरच्या सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल परत येण्यासाठी सुईएवढं एक भोक असतं. फुगलेलं सील, म्हणजे आतलं रबरी कडं, त्या भोकावर चढून बसतं. मग दोनचार वेळा जोरात ब्रेक मारला, आतलं तापून पसरलं, की त्याला परत यायला वाट नाही. ते आपणच ब्रेक दाबतं. दाबला की आणखी तापतं. तापलं की आणखी दाबतं.

"म्हणजे आकाश खरं बोलतोय?" शर्मिष्ठाने विचारलं.

"असं होऊ शकतं, इतकंच कळलंय. तेल कुणी ओतलं ते कळल्याशिवाय तुझे बाकीचे रायडर ते मान्य करतील?"

शर्मिष्ठाने मान हलवली. "नाही करणार. म्हणतील, पोराला वाचवायला मॅडमने गोष्ट रचली."

आकाशला दर्शना हॉस्पिटलात भेटली. माहुलच्या वसाहतीतून त्याची आई आली होती. डब्यातली पेज चमच्याने भरवत होती आणि तो लाजून तोंड फिरवत होता.

"लिव्हर कसा लागत होता?" दर्शनाने विचारलं.

"पहिल्या फेरीत झकास. मग कडक होत गेला. शेवटी तर दगड. मला वाटलं स्टीलची लाइन आहे, असाच असेल." त्याने आईचा हात बाजूला केला. "मॅडम, पोरं ग्रुपवर हसतायत. एकाने लिहिलंय, आकाशला सायकल द्या, पोरांची, बाजूला छोटी चाकं लावून. मी ब्रेक दाबला नव्हता, एवढं लिहाल ना?"

"कळलं तर लिहीन."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती अंधेरीला गेली. तिथे नितेशचं दुकान. तो रबराच्या लाइनींचा मोठा व्यापारी, गळ्यात जाड साखळी आणि समोर उसाच्या रसाचा ग्लास. तुलनेत रबराची बाजू त्याची होती, आणि सोमवारी त्याच्या लाइनींवर ब्रेकचा लिव्हर थोडा नरम लागल्याचं सगळ्या अंधेरीला माहीत झालं होतं.

"मी सांगितलेलं डॉक्टरांना," तो म्हणाला. "स्टीलची जाळी बघून पोरं भुलतात. आणि ती क्रॉसओव्हर. मडगार्डवरून उंटासारखी कुबड काढून जाते. त्या कुबडात हवा अडकते. हवा अडकली की ब्रेक गेला. आकाशचं तेच झालं."

"हवा अडकली तर लिव्हर नरम होतो. ब्रेक लागतच नाही. इथे तर सुटला नाही."

नितेशने ग्लास खाली ठेवला. "मग माझ्याकडे कशाला बघताय? मी चाचणीला फक्त बुधवारी आलो होतो. सगळ्यांसमोर."

"मोटरसायकलीला हात लावलात?"

"लावला. बघायला नको, समोरचा काय माल घालतोय?" तो हसला. "मॅडम, सगळे माझंच नाव घेणार. स्टील पडली की फायदा कुणाचा? नितेशचा. एवढं सोपं आहे ते."

अगदी तेवढंच सोपं होतं. आणि दर्शनाला तीच गोष्ट खटकत होती. निघताना तिने त्याच्याकडून रबराची एक कोरी लाइन मागून घेतली, आकाशच्या मोटरसायकलीला घातली होती तशीच.

"हिचं काय करणार?" नितेशने विचारलं.

"साक्षीदार ओळखायला लागेल," दर्शना म्हणाली.

३

साकीनाक्याच्या एका गल्लीत रविवारीही तीन मशिनी चालू होत्या. चाचणीतल्या स्टीलच्या लाइनी बनवणाऱ्या सपना परबचा गाळा शेवटचा. आत एका भिंतीला स्टीलच्या लाइनी टांगलेल्या, चांदीच्या साखळ्यांसारख्या. दुसऱ्या भिंतीला लाइनीच्या टोकांवर धातूची टोपणं आवळणारा दाबयंत्राचा सांगाडा. त्याखाली तेलाचं डबकं, आणि डबक्यावर पसरलेलं वर्तमानपत्र.

सपना तिशीची, केस वर बांधलेले, हाताला काळे डाग. तिच्या डोळ्यांखाली रात्रभराचं जागरण दिसत होतं.

"माझ्या लाइनी दाबाखाली तपासून मगच जातात," दर्शनाने विचारायच्या आत ती म्हणाली. "एक तरी फुटली का? गळली का? नाही ना? तरी लोक फोन करून विचारतायत, ती पोराला पाडणारी लाइन तुमचीच का."

"तुमच्या लाइनीत आत काय असतं?"

"टेफ्लॉनची नळी. तिला ना ब्रेक ऑइल काही करत, ना पेट्रोल, ना ॲसिड."

"ना तेल?"

"ना तेल. तेलात उकळा हवी तर."

कोपऱ्यात स्टुलावर बसलेले तिचे वडील, दशरथ परब, हे ऐकत होते. सत्तरी गाठलेले. तरुणपणी लालबागच्या एका मिलमध्ये साचेवाले, मिल बंद पडल्यावर आधी दुसऱ्यांच्या गाळ्यात आणि मग मुलीच्या. दाबयंत्र त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला ऐकत नसे.

"बाय, चहा घेतंस?" त्यांनी विचारलं आणि उठले. उठताना त्यांच्या पायातल्या रबरी चपला फरशीवर फटक फटक वाजल्या. उजवी डावीपेक्षा चांगली बोटभर मोठी होती.

"काका, चपला दोन जोडांतल्या का?"

"नाय गो. एकाच जोडाची आहे." ते हसले, पुढचे दोन दात नसलेलं मोकळं हसू. "प्रेस गळता. ही एक मशिनीखाली राहिली, तेल पिऊन फुगली. सपना म्हणता टाकून द्या. पायात जाताहा तवसर कित्याक टाकू?"

"बाबा, शोभतं का ते," सपना म्हणाली.

"कोण बघतंय म्हाताऱ्याचे पाय?" दशरथकाकांनी चहा दर्शनासमोर ठेवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "त्या रबराच्या लाइनी खंय गेल्या? सोमवारच्या? मी माणिकाक म्हटलं होतं, माझ्याकडे दे, मी भंगारात टाकतंय. तो म्हणालो, नायत. म्हणजे गेल्या आसतील देवनारला कचऱ्यात."

"असतील," दर्शना म्हणाली.

ती बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवते न थांबवते तोच मागून धावती पावलं आली. सपना होती, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"मॅडम, बाबांना माहीत नाही. बुधवारी लाइनी मीच माणिककडून मागून आणल्या होत्या. गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवते मी, रबर कसं असतं आणि आमचं कसं. ड्रॉवरमध्येच होत्या." तिने पुडकं पुढे केलं. "तुम्हाला उपयोगी आहेत का?"

दर्शनाने पुडकं घेतलं. एवढा उपयोगी ऐवज तिच्या हाती बऱ्याच दिवसांत पडला नव्हता.

४

घाटकोपरच्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर, तिने दोन लाइनी शेजारी ठेवल्या. एक नितेशच्या दुकानातली कोरी. दुसरी सोमवारी मोटरसायकलीवर असलेली आणि बुधवारी सकाळी काढलेली. दोन्हींचा बोटभर तुकडा धारदार पात्याने आडवा कापला. मग भरतकामातली बारीक सुई घेतली आणि बोथट टोकाने आत सारली.

कोऱ्या लाइनीत सुई आरपार गेली.

वापरलेल्या लाइनीत ती अर्ध्या बोटावर अडकली. आतलं रबर सुजलं होतं, बोटाला चिकट लागत होतं. दर्शनाने तिसऱ्यांदा, चौथ्यांदा करून पाहिलं. दर वेळी तेच. 

सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की तेल शनिवारी ओतलं गेलं, किंवा फार तर बुधवारी. कारण पडलं ते स्टील होतं. म्हणजे घात स्टीलचा करायचा होता. म्हणजे करणारा रबरवाला. पण रबराची ही लाइन बुधवारी सकाळीच मोटरसायकलीवरून उतरली होती. तिने तेल चाखलं असेल तर ते त्याआधी. तेल रबराच्याच लाइनीसाठी ओतलं होतं. रबर नरम पडावं म्हणून.

सगळं चित्र एका फटक्यात उलटं झालं. ज्याने हे केलं त्याला सपना हरायला नको होती. त्याला सपना जिंकायला हवी होती.

तिने माणिकला फोन लावला.

"रबराच्या लाइनी कुठे घातल्यात?"

"नितेशच्या दुकानात, शनिवारी, मागच्या. सीलबंद डबा फोडून ब्रेक ऑइल भरलं, नितेश स्वतः बघत होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मोटरसायकल साकीनाक्याला नेली."

"साकीनाक्याला कशाला?"

"माप घ्यायला. लाइन काय दुकानातून उचलून लावत नाहीत, मॅडम. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून दोरी धरतात. सपनाने फोटो काढले प्रत्येक वळणाचे. मग मीच चालवत मुलुंडला आणली."

नितेशने स्वतःच्याच मालात तेल घातलं नसतं. माणिक? तो रोज सील बदलतो. लाइन काढली तरी तेल सिलिंडरच्या खाचांत, कॅलिपरच्या पोटात चिकटून राहतं, ब्रेक ऑइलमध्ये ते विरघळतही नाही, आणि सील तर तीच राहतात. हे त्याला झोपेतही ठाऊक असणार. शिवाय त्याने ती मोटरसायकल स्वतः हायवेवरून हाकली होती. ही चूक अशा माणसाने केली होती, ज्याच्या डोळ्यांपुढे आयुष्यभर फक्त लाइन होती. लाइन बदलली म्हणजे ब्रेक बदलला, असं ज्याला मनापासून वाटत होतं.

तशी माणसं दोन. त्यातल्या एकीने धावत येऊन पुरावा हातात दिला होता.

दर्शनाने सपनाला निरोप पाठवला: मापाच्या दिवशीचे सगळे फोटो हवेत. उत्तर यायला खूप वेळ लागला. मग फोटो आले, एकामागोमाग. पहिल्या काही फोटोंत पांढरी टाकी स्वच्छ होती. शेवटच्या दोनमध्ये डबीखाली बारीक ओघळ चकाकत होता.

आणि त्याखाली सपनाने लिहिलं होतं: "मधे मी आणि माणिक जेवायला गेलो होतो. बाबांना बाहेरचं चालत नाही. ते डबा खात गाळ्यात थांबले होते. मी आत्ता पाहिलं, मॅडम."

५

सोमवारी सकाळी दर्शना गाळ्यात गेली तेव्हा दाबयंत्र बंद होतं. सपना दाराशी उभी होती, पाठ आत करून. दशरथकाका स्टुलावर. कुणी चहा विचारला नाही.

"तिणे काय बोलाक नाय माझ्याशी सकाळपासून," ते म्हणाले. "तेव्हाच कळला."

दर्शनाने दुसरं स्टूल ओढलं. "काका, प्रेसचं तेल?"

"एवढासा. चहाच्या चमच्यान." त्यांनी दोन बोटांत माप दाखवलं. "अर्धा आत गेला, थोडा सांडला. हात कापतो आता. मला वाटला, सोमवारी रबर नरम पडात, लोक बघतील. बुधवारी लाइन निघाली की तेल पण निघाला. कोणाचा काय जाता?"

"सील, काका. आतली सील."

"सील माझ्या टाळक्यातच नव्हती, बाय." ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते. "तीस वर्षं लाइनी आवळतंय. ब्रेक म्हणजे लाइन. बाकीचा माणिकाचा काम."

दाराशी सपना वळली. "कशाला केलंत पण? माझा माल वाईट होता?"

"मिल बंद झाली तेव्हा मी गेटावर उभा राहून बघत होतो नुसता," म्हातारा म्हणाला. "कोणी विचारूक नाय, दशरथ, तुझा कापड चांगला होता काय. ह्या खेपेक माका बघत राहायचा नव्हता."

गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली. 

"काका, एक सांगते," दर्शना म्हणाली. "रबर एका रात्रीत नरम पडत नाही. तुमची चप्पल किती दिवसांत फुगली?"

"झाले आसतील... खूप."

"ही लाइनही नंतर फुगली, ड्रॉवरमध्ये पडून, आत राहिलेल्या तेलात. सोमवारी आकाशला ती जेवढी नरम लागली, तेवढी ती तशीही लागलीच असती. रबर दाबाखाली थोडं फुगतंच. स्टीलची जाळी फुगू देत नाही. तुम्ही काहीही केलं नसतं तरी सपना जिंकत होती."

दशरथकाकांनी डोळे मिटले. सपनाने तोंड फिरवून मनगटाने डोळे पुसले.

"आता काय, पोलीस?" तिने विचारलं.

"ते आकाशने ठरवायचं. आज संध्याकाळी बैठक आहे. मी मत लिहून देणार आहे: कुणीतरी तेल ओतलं, म्हणून चाक जाम झालं. पण त्याचे सोबती म्हणतील, कोण कुणीतरी? आणि हसत राहतील. तो पोरगा खोटा ठरेल." तिने स्टूल जागेवर सरकवलं. "नाव मी लिहू शकते. किंवा तुम्ही येऊ शकता."

 ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली तरी मागून कुणाचीही पावलं आली नाहीत.

६

'धाव'च्या हॉलमध्ये रायडर खुर्च्यांवर, खिडक्यांत, पाण्याच्या पिंपावर बसले होते. आकाश पुढच्या रांगेत, हात झोळीत, मान खाली. मागून कुणीतरी सायकलची घंटी वाजवल्यासारखा आवाज तोंडाने काढला आणि खसखस पिकली. नितेशही आला होता, भिंतीला टेकून.

दर्शना उभी राहिली. तिने तेल, सील, ते सुईएवढं भोक, सगळं सांगितलं. लोक ऐकत होते, पण हाताची घडी घालून.

"ऐकायला मस्त आहे," मागून एकजण म्हणाला. "पण ओतलं कोणी? भूत आलेलं काय?"

शर्मिष्ठाने दर्शनाकडे पाहिलं. दर्शनाने हातातल्या कागदाची घडी उघडली, आणि तेवढ्यात दाराशी फटक फटक असा आवाज झाला.

दशरथकाका आत आले. मागे सपना, चार पावलं अंतर ठेवून. ते कुणाकडे न बघता सरळ आकाशसमोर जाऊन उभे राहिले.

"झिला, तेल मी ओतलंय," ते म्हणाले. "रबर पडाचा म्हणून. तू पडशील असा माका वाटूक नव्हता. पोलिसात दे, नायतर मार. तुझी मर्जी."

 मग भिंतीजवळून नितेशचा आवाज आला. "म्हणजे सोमवारी माझ्या लाइनीत तेल होतं? डॉक्टर, मग तो निकाल धरता येणार नाही. माझी चाचणी परत पाहिजे."

"तीनही परत होतील," शर्मिष्ठा म्हणाली. "नवीन सील घालून."

"आणि माप घ्यायला मोटरसायकल माझ्याकडे आणायची नाही," सपना मागून म्हणाली. "मी इथे येईन. एकटी."

दशरथकाकांनी ते ऐकलं. मान हलवली. ते अजून आकाशसमोरच उभे होते, निकालाची वाट बघत.

आकाश सावकाश उठला. झोळीतला हात सावरला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, इतकं वेगाने की त्याला ते दाबता येईना.

"काका, पोलिसांचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी तिकडे वळा. ह्या सगळ्यांकडे. आणि मी ब्रेक दाबला होता की नव्हता, ते सांगा."

म्हातारा वळला. समोर पन्नासेक तरुण डोळे. त्याने घसा खाकरला.

"ह्या पोरान ब्रेक दाबूक नव्हतो."

"पुन्हा सांगा," आकाश म्हणाला. "पिंपावरच्यांना ऐकू नाही गेलं."